शिपयार्ड बंद पडलं, मग काय केलं? माल्मोच्या पश्चिम बंदराची केस

स्वीडनमधल्या माल्मो शहरात कॉकुम्स नावाचं शिपयार्ड होतं आणि त्या शिपयार्डची १३८ मीटर उंच क्रेन होती, शहरात कुठेही उभे राहा, ती दिसायचीच. २००२ मध्ये ही क्रेन सुटी करून जहाजावर चढवली आणि दक्षिण कोरियात उल्सानला ह्युंदाईच्या यार्डात नेली. किंमत एक डॉलर. हो, एकच, सुटी करण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च घेणाऱ्याने करायचा. कोरियात त्या क्रेनला नाव पडलं 'माल्मोचे अश्रू'. पण गंमत अशी की क्रेन गेली त्याच्या आदल्याच वर्षी तिथून चालत जायच्या अंतरावर, त्याच बंदराच्या जमिनीवर 'बो ०१' नावाची एक नवीन वस्ती उभी राहिली होती, आणि आज शाश्वत शहर, ग्रीन डिस्ट्रिक्ट वगैरे विषय निघाला की प्लॅनिंगवाले सगळ्यात आधी जी दोन-चार नावं घेतात त्यात ही असते. ही केस तिचीच. त्यात काय जमलं, काय फसलं आणि जे जमलं ते नेमकं कशामुळे, यावर माझं थोडं वेगळं मत आहे, ते पुढे येईलच.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. कॉकुम्स कंपनी १८४० ची, आणि १९५०-६० च्या दशकांत जगातल्या सगळ्यात मोठ्या शिपयार्डांमध्ये तिची गणना व्हायची. मग १९७३ चं तेलसंकट आलं, मोठ्या टँकरांना गिऱ्हाईक उरलं नाही, जपान-कोरिया स्वस्तात जहाजं बांधायला लागले. १९७९ मध्ये सरकारने यार्ड ताब्यात घेतलं, तरी काही उपयोग झाला नाही आणि १९८६ मध्ये व्यापारी जहाजं बांधणं बंद करायचं ठरलं. पाणबुड्यांचं काम तेवढं राहिलं. मलमपट्टी म्हणून तिथे साबचा मोटारींचा कारखाना आणला, तो १९८९ ला सुरू झाला आणि १९९१ ला बंद. नवा कोरा कारखाना, दोन वर्षांत कुलूप! त्यावर नव्वदच्या दशकातली स्वीडनची आर्थिक मंदी आली आणि १९९० ते १९९५ या काळात माल्मोत जवळपास २७ हजार नोकऱ्या गेल्या. शहराची लोकसंख्या तेव्हा अडीच लाखांच्या आतबाहेर, म्हणजे किती घरांत चूल थंडावली असेल बघा. ज्यांनी १९८२ च्या संपानंतरचं गिरणगाव पाहिलंय त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

आता महत्त्वाचा भाग. हे सगळं पश्चिम बंदर म्हणजे समुद्रात भर टाकून केलेली जमीन, दीडशे हेक्टरच्या वर, तेलकट, धातूंनी खराब झालेली, वाऱ्याच्या तोंडावर, आणि त्यावर राहणारं कोणीही नाही. साबचा कारखाना बंद पडल्यावर महापालिकेने इथली जमीन विकत घेतली. त्या वेळी वेडेपणाच वाटला असणार, कारण शहराच्या तिजोरीत खडखडाट आणि हे ओसाड बंदर घेतायत. इल्मार रेपालू हे तिथले नेते, मूळचे आर्किटेक्ट, ९० च्या दशकाच्या मध्यापासून थेट २०१३ पर्यंत शहराची सूत्रं त्यांच्याकडे होती. शहराने एकदम तीन गोष्टींवर डाव लावला: डेन्मार्कशी जोडणारा ओरेसुंड पूल (तो जुलै २००० मध्ये उघडला), बंदराच्या भागात नवीन विद्यापीठ (१९९८) आणि तिसरी म्हणजे घरांचं एक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन, 'बो ०१'. हे प्रदर्शन मांडव घालून चार दिवसांत गुंडाळायचं नव्हतं, खरी घरं बांधायची, लोकांनी येऊन बघायची, आणि प्रदर्शन संपलं की त्यात माणसं राहायला येणार. १७ मे ते १६ सप्टेंबर २००१ अशी तारीख ठरली. सरकारने पर्यावरणाच्या कामांसाठी २५ कोटी क्रोनरचं अनुदान दिलं.

तारीख पक्की असण्याचा फायदा असतो तसा तोटाही, तो नंतर कळतो.

प्रदर्शनाचे मुख्य आर्किटेक्ट होते क्लास थाम. त्यांचा आराखडा बघितला तर पहिल्यांदा वाटतं की काहीतरी गडबड झालीये, गल्ल्या सरळ नाहीत, चौक वाकडे, जाळं कोणीतरी एका कोपऱ्याला धरून ओढल्यासारखं. पण ते मुद्दाम. ओरेसुंडच्या सामुद्रधुनीवरून येणारा पश्चिमेचा वारा तिथे बेक्कार असतो. म्हणून समुद्राच्या बाजूला पाच-सहा मजली इमारतींची रांग उभी केली आणि तिच्या मागे बुटकी घरं, अरुंद वाकड्या गल्ल्या, छोटे चौक. कोकणात पावसाळ्याआधी पश्चिमेच्या पडवीला झापं बांधतात, तोच हिशोब, फक्त इथे झापांच्या जागी लाखोंचे फ्लॅट. प्लॉटसुद्धा लहान लहान पाडले आणि वीसेक वेगवेगळ्या बिल्डर-आर्किटेक्टांना वाटले, त्यामुळे एकाच साच्यातले टॉवर इथे दिसत नाहीत. एका गल्लीत चार घरं चार तऱ्हेची. मला विचाराल तर पश्चिम बंदरात जे काही आज सगळ्यात चांगलं आहे ते हेच, आणि याला एक रुपयाचीही टेक्नॉलॉजी लागत नाही.

पण बिल्डरांनी हे ऐकलं का? कारण त्यांना ऐकावं लागलं. स्वीडनमध्ये नगररचनेचा अधिकार पालिकेचा असतोच, पण इथे जमीनही पालिकेचीच होती. तिथली पद्धत अशी आहे की पालिका एखाद्या बिल्डरसाठी प्लॉट आधी राखून ठेवते, मग बोलणी चालतात, अटी ठरतात आणि शेवटी विक्रीचा करार होतो. म्हणजे बिल्डर दारात उभा असताना पालिकेच्या हातात किल्ली असते. १९९९ मध्ये पालिका, प्रदर्शनवाले आणि बिल्डरांचे प्रतिनिधी यांनी बसून एक 'गुणवत्ता कार्यक्रम' तयार केला, साधारण नियमावली म्हणा, त्यात माती किती स्वच्छ करायची, इमारतीला वर्षाला किती ऊर्जा लागली तर चालेल, अंगणात हिरवं किती, पाणी कसं वाहील, हे सगळं लिहिलेलं, आणि ते जमिनीच्या व्यवहाराला बांधलेलं. ज्याला जमीन हवी त्याने ते पाळायचं. नुसत्या मार्गदर्शक सूचना असत्या तर त्यांचं काय होतं हे आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीचा रेनवॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा बघून कळतं.

या नियमावलीतला 'ग्रीन स्पेस फॅक्टर' हा भाग जरा जवळून बघण्यासारखा आहे. मूळ कल्पना बर्लिनची, माल्मोने उचलली. प्लॉटवरच्या प्रत्येक प्रकारच्या पृष्ठभागाला एक गुण: जमिनीत थेट रुजलेली झाडी असेल तर १, गवत किंवा सेडम (जाड पानांची बुटकी झाडं) लावलेलं हिरवं छप्पर असेल तर ०.८, वेल चढवलेली भिंत ०.७, डांबर किंवा काँक्रीट शून्य. क्षेत्रफळ गुणिले गुण करून बेरीज करायची, प्लॉटच्या क्षेत्रफळाने भागायचं, उत्तर निदान ०.५ यायला हवं. सोपं, बिल्डरलाही कळतं, पालिकेच्या कारकुनालाही तपासता येतं.

आता एक गंमत करून बघू. समजा हजार चौरस मीटरचा प्लॉट आहे आणि त्यातल्या पाचशेवर इमारत. सगळं छप्पर हिरवं केलं की ५०० गुणिले ०.८ म्हणजे ४००, झाले ०.४. आता खाली शंभर मीटरची बाग केली की ०.५ पूर्ण! उरलेल्या चारशे मीटरवर खुशाल फरशी टाका आणि गाड्या लावा. म्हणजे आकडा पाळूनही अंगण भकास ठेवता येतं. माल्मोवाल्यांनाही हे दिसत होतंच, म्हणून त्यांनी जोडीला 'ग्रीन पॉइंट्स'ची यादी दिली, ३५ गोष्टी, त्यातल्या कुठल्याही दहा प्रत्येक बिल्डरने करायच्या. यादी वाचायला मजा येते: प्रत्येक फ्लॅटमागे पक्ष्यांसाठी एक घरटं, वटवाघळांसाठी पेट्या, अंगणात पन्नास तरी जातींची रानफुलं, बेडकांना हिवाळा काढता येईल अशी जागा. बेडकांसाठी बिल्डरकडून जागा काढून घेणारी पालिका, कल्पना करा! अर्थात दहा निवडायच्या म्हटल्यावर बिल्डर सोप्या आणि स्वस्त दहा निवडणार हे उघड आहे, आणि घरट्याची पेटी ठोकली म्हणून पक्षी येतोच असंही नाही. पुढच्या टप्प्यांत फॅक्टर वाढवून ०.६ केला. आज ही पद्धत थोडाफार फेरफार करून सिअॅटलपासून लंडनपर्यंत बऱ्याच शहरांनी घेतलीये, आणि आपल्याकडे डीसीआरमध्ये (बांधकामाच्या विकास नियंत्रण नियमावलीत) नुसता 'अमुक टक्के मोकळी जागा' असा नियम असतो आणि त्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसतात, तिथे हा फॅक्टर उद्यासुद्धा लावता येईल असं माझं मत आहे.

पावसाच्या पाण्याचंही थोडं सांगतो. जमीन भरावाची आणि खराब झालेली, त्यामुळे पाणी सगळं खाली मुरवणं शहाणपणाचं नव्हतं, वरची माती काढून स्वच्छ भर घातली तरी. म्हणून पाणी पाइपात न घालता उघड्या पन्हळींतून, छोट्या तळ्यांतून, अंगणांतून फिरवत फिरवत कालव्यात आणि समुद्रात सोडलं. पाऊस पडला की गल्लीत पाणी वाहताना दिसतं, मुलं त्यात खेळतात, आणि कुठे तुंबलं तर लगेच कळतं.

ऊर्जेची गोष्ट मात्र जास्त गुंतागुंतीची. दावा होता शंभर टक्के स्थानिक, नूतनीकरणीय ऊर्जा. त्यासाठी बंदराच्या उत्तरेकडच्या भागात २ मेगावॉटची पवनचक्की बसवली. जमिनीखाली चुनखडीच्या थरात पाणी आहे, तिथे विहिरी खोदल्या, काही गरम पाण्याच्या आणि काही थंड. उन्हाळ्यात थंड विहिरीतलं पाणी वर काढून इमारती गार करायच्या, ते पाणी गरम झालं की दुसरीकडे साठवायचं, आणि हिवाळ्यात हीट पंप (उलटा चालवलेला फ्रिजच म्हणा) लावून तीच उष्णता घरांना द्यायची. हीट पंपाची वीज पवनचक्कीची. छपरांवर मिळून १,४०० चौरस मीटर सोलर कलेक्टर, ते गरम पाण्याच्या नेटवर्कला जोडलेले, आणि १२० चौरस मीटर सोलर पॅनल, ते बहुतेक दाखवण्यापुरतेच. हे सगळं शहराच्या मोठ्या ग्रिडला आणि हीटिंगच्या जाळ्याला जोडलेलं आहे, म्हणजे 'शंभर टक्के' हा वर्षाचा ताळेबंद आहे, वारा पडला की वीज बाहेरून येते, वारा सुटला की बाहेर जाते. त्यात लबाडी काही नाही, पण जाहिरातीत हे कोणी ठळक अक्षरात छापत नाही.

अडचण आली ती मीटरवर. नियमावलीत होतं की घराला वर्षाला दर चौरस मीटरमागे १०५ युनिटपेक्षा जास्त ऊर्जा लागता कामा नये, गरम ठेवणं, पाणी, दिवे सगळं धरून. बिल्डरने आधी कागदावर हिशोब करून दाखवायचा होता, आणि सगळ्यांनी दाखवला. लोक राहायला गेल्यावर लुंड विद्यापीठातल्या अभ्यासात निवडक इमारतींचा खरा वापर मोजला, तर बहुतेक १०५ च्या वर, काही तर कितीतरी वर. कारण काय? समुद्राचा व्ह्यू! व्ह्यू विकायचा म्हणून जमिनीपासून छतापर्यंत काचा, आणि काचेतून व भिंतींच्या सांध्यांतून जाणारी उष्णता कागदावरच्या हिशोबात पुरेशी धरलीच नव्हती. शिवाय उद्घाटनाची तारीख डोक्यावर, बांधकाम घाईत. आणि एकदा वापर वाढला की तो 'शंभर टक्के'वाला ताळेबंदही हलतो, कारण पवनचक्की काही त्या मानाने जास्त फिरत नाही. हे सगळं बाहेर आलं कारण मोजायची तरतूद होती आणि निकाल दडपला नाही. आपल्याकडे ग्रीन रेटिंगची पाटी लागलेल्या किती इमारतींचं लाइट बिल पाच वर्षांनी कोणी तपासतं?

बाकी फजितीही झाल्या. प्रदर्शन संपल्यावर ते भरवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. फ्लॅटमागे ०.७ गाडी धरून पार्किंग ठेवलं होतं, म्हणजे दहा घरांना सात गाड्या, लोक बस आणि सायकल वापरतील असा भरवसा. पण इथे राहायला आले ते पैसेवाले, त्यांच्याकडे गाड्या होत्या, आणि शेवटी बहुमजली पार्किंग बांधावंच लागलं. पैसेवाले का आले, तर घरं महाग होती म्हणून. ज्या बंदरात कामगार शिफ्ट करत होते तिथे आता त्या कामगाराच्या मुलाला घर परवडेना. शेजारीच २००५ मध्ये आर्किटेक्ट कालात्रावा यांचा टर्निंग टॉर्सो उभा राहिला, १९० मीटर, पीळ दिलेला टॉवर, क्रेन गेल्यावर शहराला नवं चिन्ह मिळालं म्हणे. फोटोला छान आहे. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला.

दुसऱ्या टप्प्यात पालिकेने जे केलं ते मला पहिल्या टप्प्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, पण त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, कारण दिसायला ते साधंच आहे. 'फ्लागहुसेन' नावाचा हा भाग, साधारण सहाशे घरं. इथे पालिकेने आधी बिल्डरांना एका टेबलावर बसवलं, २००४ पासून महिनोन् महिने बैठका, आणि मगच जमिनीचे करार. ऊर्जेची मर्यादा १२० युनिट ठेवली, म्हणजे आधीच्या १०५ पेक्षा सैल, पण खरोखर गाठता येईल अशी. बरीच घरं भाड्याची ठेवली, भाडं मध्यमवर्गाच्या आवाक्यात येईल असा प्रयत्न केला. जाहिरात कमी, शिस्त जास्त. त्यानंतरच्या फुलरिगारेन भागात पॅसिव्ह हाऊस (अगदी थोड्या हीटिंगवर उबदार राहणारी घरं), स्वयंपाकघरातला ओला कचरा दळून टाकीत आणि तिथून बायोगॅसला, शेअरिंगच्या गाड्या, असं एकेक वाढत गेलं. म्हणजे प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्याचा मीटर बघून नियम बदलले. हे शक्य झालं कारण सगळी जमीन एकदम विकून टाकली नव्हती. माझ्या मते या सगळ्या केसमधली खरी चावी हीच आहे, पवनचक्की, विहिरी, बेडूक हे नंतरचे. जमीन हातात ठेवून तुकड्या-तुकड्याने सोडायची आणि प्रत्येक तुकड्याबरोबर अट घट्ट करायची.

आणि एक गोष्ट कोणी प्लॅन केली नव्हती तितकी झाली. समुद्राच्या कडेला सुंड प्रोमेनाड म्हणून लाकडी पायऱ्यांचा लांब घाट केला, आधी सगळ्यांसाठी मोकळा ठेवायचा असंच ठरलं होतं, फ्लॅटवाल्यांचा खासगी किनारा नाही. उन्हाळ्यात तिथे अख्खं शहर लोटायला लागलं, दूरच्या स्वस्त वस्त्यांमधली पोरंटोरं येऊन धडाधड पाण्यात उड्या मारायला लागली, गाणी, दंगा, कचरा. महागडे फ्लॅट घेतलेल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. पालिकेने घाट बंद केला नाही, उलट जवळच पोहायला आणखी जागा करून दिल्या. महागड्या वस्तीत बाकीच्या शहराचा पाय राहिला तो या घाटामुळे.

आता मुंबई. गिरणगावात, गिरण्यांच्या जमिनीत आपण काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे: सुमारे ६०० एकर, १९९१ च्या डीसीआरमधल्या नियम ५८ प्रमाणे ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये बदल केला की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची, गिरणीच्या इमारतींखालची सोडून, आणि वाट्याला उरलं चिंचोकं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल उचलून धरला. तिथे मालक अनेक, किल्ली कोणाच्याच हातात नाही.

पूर्व किनारा वेगळा आहे. शिवडीपासून खाली कुलाब्याच्या बाजूपर्यंत मुंबई पोर्टची सुमारे १,८०० एकर जमीन, मालक एकच आणि तोही सरकारी, म्हणजे माल्मोला जी सोय होती ती इथे जन्मजात आहे. २०१४ मध्ये या जमिनीचं काय करायचं यावर राणी जाधव समितीचा अहवालही झाला, त्यानंतर आराखडेही निघाले. पण फरक विसरून चालणार नाही. माल्मोचं बंदर रिकामं होतं, इथे दारुखान्यात जहाजं तोडणारे कामगार आहेत, कौला बंदरात झोपड्या आहेत, जुने लीजवाले आहेत, शिवडीच्या चिखलात दरवर्षी फ्लेमिंगो उतरतात, आणि त्याच शिवडीहून २०२४ पासून अटल सेतूवर गाड्यांची रांग सुरू झालीये. शिवाय माल्मोत जमीनमालक आणि शहर चालवणारे एकच होते, इथे जमीन केंद्राच्या पोर्टची आणि शहर महापालिकेचं, त्यामुळे बागेची, शाळेची गरज एकाला आणि जमिनीच्या उत्पन्नाची गरज दुसऱ्याला. म्हणून पूर्व किनाऱ्याचा पुढचा आराखडा आला की मी तरी रेंडरिंगमधली (कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रातली) झाडं आणि मरीना बघणार नाही, आधी लीजच्या अटींचं पान उघडणार: प्लॉट किती मोठे आहेत, एकदम देतायत की टप्प्याने, अट मोडली तर जमीन परत घेता येते का, आणि दारुखान्यातल्या माणसाचं घर कुठल्या कलमात आहे.